हमीपत्र एकाच बाजूचं

गेल्या शनिवारी कपाट आवरायला घेतलं. खरं म्हणजे घ्यायला लावलं. आवरणं राहिलं बाजूलाच, कारण सगळ्यात खालच्या खणात माझा कोपरा कापलेला जुना पासपोर्ट सापडला आणि त्यात घडी घातलेलं एक पिवळं कार्ड. २००७ साली ऑफिसच्या कामाला नैरोबीला जायचं होतं, तेव्हा घेतलेल्या यलो फीव्हरच्या (मराठीत पीतज्वर) लसीचं ते सर्टिफिकेट.

तेव्हा मला तो सगळा प्रकार भयंकर कटकटीचा वाटला होता. लस घ्यायची तर कुठल्याही डॉक्टरकडे चालत नाही, सरकारने नेमलेल्या केंद्रातच जावं लागतं. तिथे सकाळपासून रांग. शिवाय लस घेतल्यावर दहाव्या दिवसापासून ते सर्टिफिकेट लागू होणार, म्हणून मॅनेजरशी हुज्जत घालून प्रवासाची तारीख पुढे ढकलावी लागली. पण एक गोष्ट होती. नियम काय आहे हे मला निघायच्या महिनाभर आधी नीट माहीत होतं. सर्टिफिकेट नसेल तर परत आल्यावर जास्तीत जास्त सहा दिवस अडकवून ठेवतील. सहाच का? तर त्या रोगाची लक्षणं दिसायला साधारण तीन ते सहा दिवस लागतात. आणि हे सहा दिवस मोजायचे ते विमान उतरल्यापासून नाही, तर रोगाचा देश सोडल्यापासून. वाटेत दुबईत चार दिवस काढले असतील तर उरले दोनच. आपल्याकडे हा रोग नाही, पण तो पसरवणारा डास घरोघरी आहे. तेव्हा एकही रोगी आत येऊ द्यायचा नाही. संपला नियम.

आमच्या धंद्यातल्या माणसाला असा नियम बघून बरं वाटतं. का, कोणाला, किती दिवस, कधीपासून आणि कधीपर्यंत, सगळ्याची उत्तरं त्यात आहेत. कार्ड हातात घेऊन बसलो आणि साहजिकच २०२० आणि २०२१ आठवलं. त्या दोन वर्षांत विमानातून उतरणाऱ्या माणसाला यातलं एकही उत्तर धड मिळत नव्हतं.

आता लगेच कोणी म्हणेल, अहो, पीतज्वराची लस १९३०च्या दशकातली, तो रोग डॉक्टरांना पाठ. कोविड नवा होता. तज्ज्ञच चाचपडत होते, तिथे सरकारी बाबू काय करणार? मान्य. एकदम मान्य. नियम चुकले, बदलले, पुन्हा बदलले, याबद्दल माझी फार तक्रार नाही. माझी तक्रार वेगळी आहे आणि ती रोग नवा की जुना यावर अवलंबून नाही.

आधी थोडी उजळणी करू, कारण आपण हे सगळं फार पटकन विसरलो.

पुण्यात कोविडचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० ला सापडले. दुबईची सहल करून १ मार्चला परतलेलं एक जोडपं. मुंबईला उतरून टॅक्सीने पुण्याला आले, टॅक्सीच्या ड्रायव्हरलाही लागण झाली. त्यांनी कुठलाही नियम मोडला नव्हता. नियम देशांच्या यादीवर चालत होता आणि दुबई यादीत नव्हती. ११ मार्चला केंद्राने सात देशांतून येणाऱ्यांना किमान चौदा दिवस क्वारंटाइन सक्तीचं केलं: चीन, इटली, इराण, दक्षिण कोरिया, फ्रान्स, स्पेन, जर्मनी. आखातातले देश त्यानंतर, म्हणजे १८ मार्चपासून आले. यादी बातम्यांच्या मागे धावत होती, विमानं मात्र यादी बघून उडत नव्हती. २२ मार्चला सगळी आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानंच बंद केली, तेव्हा तो विषय तात्पुरता मिटला.

त्याच आठवड्यात महाराष्ट्राने हातावर शिक्के मारायला सुरुवात केली. निवडणुकीची शाई, डाव्या हातावर, घरी क्वारंटाइन कधीपर्यंत त्याची तारीख. कल्पना चांगली वाटते. पण मुंबईला उतरलेल्या सगळ्यांचं घर मुंबईत थोडंच असतं? जर्मनीहून आलेले चार जण शिक्क्यासकट गरीबरथात बसले आणि लोकांनी शिक्के पाहिल्यावर त्यांना पालघरला उतरवलं. टीव्हीवर दिवसभर त्यांच्या बेजबाबदारपणाचा उद्धार चालला होता. मी स्वतःसुद्धा हापिसात तावातावाने बोललो होतो, हे कबूल करतो. पण आज विचार करतो तेव्हा वाटतं, त्यांनी करायचं काय होतं? 'घरी जा आणि चौदा दिवस बाहेर पडू नका' असा हुकूम, आणि घर दुसऱ्या राज्यात. घरी जायचं कसं, याचं उत्तर हुकमात नाही. विमानतळावर उतरणारा माणूस पुढे कुठेतरी जाणारच, ही काही कोपऱ्यातली अडचण नव्हे. विमानतळ त्याचसाठी असतो.

मग ७ मे २०२० पासून 'वंदे भारत' ची विमानं सुरू झाली, आणि २४ मे ला केंद्राचे नवे नियम आले. सात दिवस सरकारने ठरवलेल्या ठिकाणी, स्वतःच्या खर्चाने, आणि पुढचे सात दिवस घरी. विमानात चढण्याआधी प्रत्येकाने हमीपत्र लिहून द्यायचं, की मी हे सगळं करीन आणि पैसे मी भरीन.

माझा मुद्दा या हमीपत्रापाशी आहे.

क्वारंटाइन म्हणजे काय, हे आधी नीट बघू. सरकारी कागदांत विलगीकरण आणि अलगीकरण असे दोन शब्द होते, बोलताना आपण दोघांची खिचडी करून टाकली. आजारी माणसाला वेगळं ठेवणं ही एक गोष्ट आहे. त्यात त्याचाही फायदा असतो, त्याला औषधपाणी मिळतं. क्वारंटाइन म्हणजे ज्याला काहीही झालेलं नाही अशा माणसाला, झालं असलं तर, या शंकेवरून कोंडणं. त्याने गुन्हा केलेला नाही. त्याला स्वतःला त्यातून काही मिळत नाही. शंभर माणसं कोंडली तर त्यातली बहुतेक निरोगीच निघणार. त्यांचे चौदा दिवस जातात ते आपल्यासाठी, म्हणजे बाहेर मोकळं फिरणाऱ्यांसाठी. म्हणजे व्यवहार बघितला तर उपकार तो माणूस आपल्यावर करतोय. मग हमीपत्र त्याच्याकडून घेतलं, बिलही त्याच्याच हातात दिलं, आणि आपण काय लिहून दिलं? काही नाही.

आखातातून नोकरी गेलेला गवंडी आणि कॅलिफोर्नियाहून आलेला माझ्यासारखा संगणकवाला, दोघांनाही नियम एकच: सात दिवस स्वतःच्या खर्चाने. एकाला ती सक्तीची सुट्टी, दुसऱ्याला आधीच्या कर्जावर आणखी कर्ज. केरळात मे २०२० च्या शेवटी यावरून बरीच ओरड झाली आणि गरिबांना पैसे भरावे लागणार नाहीत असं तिथल्या सरकारला जाहीर करावं लागलं. म्हणजे प्रश्न कोणाच्या लक्षात आला नव्हता असं नाही.

गंमत पुढे आहे. जागतिक आरोग्य संघटनेचे 'आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम' म्हणून एक प्रकरण आहे. भारताने ते मान्य केलेले आहेत. ते १५ जून २००७ ला लागू झाले, म्हणजे माझं पिवळं कार्ड आणि हे नियम एकाच वयाचे. त्यातलं ४०वं कलम सांगतं, की परदेशातून आलेल्या प्रवाशाला क्वारंटाइन करायचं असेल तर त्याचे पैसे त्याच्याकडून घ्यायचे नाहीत. (कायमच्या किंवा तात्पुरत्या वास्तव्यासाठी येणाऱ्यांचा एक अपवाद आहे, पण स्वतःच्या देशात परतणाऱ्या नागरिकाला तो कसा लावणार?) ३२वं कलम म्हणतं, प्रवाशाला सन्मानाने वागवा, खाणंपिणं, राहायची जागा, औषधपाणी आणि घरच्यांशी बोलायची सोय करून द्या. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुन्हा वाचलं. आपण ज्यावर इतका वाद घातला त्याचं उत्तर तेरा वर्षं आधीच लिहून ठेवलेलं होतं!

अर्थात हे फक्त आपणच मोडलं असं नाही. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सने जुलै २०२० पासून माणशी ३००० डॉलर लावले. ब्रिटनने फेब्रुवारी २०२१ पासून लाल यादीतल्या देशांतून येणाऱ्यांना दहा दिवसांच्या हॉटेलचे १७५० पौंड. हे नियम मोडले म्हणून कोणाला कोणी पकडत नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं.

मग आपण कुठल्या कायद्याने चाललो होतो? १८९७ च्या. मुंबईतल्या प्लेगसाठी घाईघाईने केलेला साथरोग कायदा. मुळात चार कलमांचा, एका पानात मावेल एवढा. सरकारला लागेल ते करता येईल, रेल्वेने किंवा इतर मार्गाने प्रवास करणाऱ्यांना तपासता येईल, संशयितांना वेगळं ठेवता येईल. न ऐकणाऱ्याला शिक्षा. सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर खटला नाही. झालं. ज्याला कोंडलं त्याला काय द्यायचं, याबद्दल त्यात चकार शब्द नाही. गोऱ्या सरकारने एतद्देशीयांसाठी केलेल्या कायद्यात तो असणार तरी कशाला? त्याच वर्षी पुण्यात रँडचं काय झालं, ते आपण सगळे शाळेत शिकलोय. आश्चर्य आहे ते हे, की सव्वाशे वर्षांनी आपल्याच सरकारने आपल्याच लोकांसाठी तोच कागद काढला. २०२० मध्ये त्यात दुरुस्ती झाली ती आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्यांबद्दल. तीही हवीच होती. पण कोंडलेल्या माणसाचा रकाना रिकामाच राहिला.

हा रिकामा रकाना काय करतो, त्याची एक गोष्ट सांगतो.

माझा एक जुना सहकारी न्यू जर्सीत असतो. सप्टेंबर २०२० मध्ये त्याचे वडील सांगलीला गेले. कोविड नव्हता, हृदयविकार. अंत्यसंस्कार मिळणार नाहीत हे त्याला माहीतच होतं, ते त्याने चुलतभावाच्या फोनवर बघितले. पण आई एकटी, दिवसांना तरी पोचू म्हणून त्याने धावपळ सुरू केली. ऑगस्टपासून नियम असा होता, की घरात मृत्यू झाला असेल तर हॉटेलातल्या सात दिवसांतून सूट मिळेल, थेट घरी जाऊन चौदा दिवस क्वारंटाइन. चांगला, माणुसकीचा नियम. फक्त अर्ज विमानात चढण्याच्या किमान ७२ तास आधी करायचा.

बहात्तर तास! लग्नासाठी ठीक आहे हो. मृत्यूच्या सवलतीसाठी तीन दिवसांची पूर्वसूचना? आमच्याकडे अशी रिक्वायरमेंट आली असती तर टेस्टिंगवाल्या पोरीने पहिल्याच दिवशी परत पाठवली असती. (दुसरा मार्ग होता, ९६ तासांच्या आतला निगेटिव्ह रिपोर्ट. पण तिथे तेव्हा रिपोर्ट यायलाच कितीतरी दिवस लागत होते.) तीन दिवस त्यात गेले. मग मोजक्या विमानांत जागा मिळेना. तो सांगलीला पोचला तेव्हा तेरावा होऊन गेला होता.

पुढचं ऐका. पोचल्यावर तो चौदा दिवस माडीवरच्या खोलीत राहिला. आई जेवणाचं ताट जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवून खाली जायची, मग हा दार उघडायचा. दोघं जिन्याच्या दोन टोकांना बसून बोलायची. एकही दिवस त्याने चुकवला नाही. मी नंतर म्हटलं, चिडला नाहीस? तर म्हणाला, "त्या चौदा दिवसांचा राग नाही रे. आईला काही झालं असतं तर? ते मला पटत होतं. राग आहे त्या पहिल्या तीन दिवसांचा. ते कशासाठी होते, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही."

मला वाटतं, या विषयावर यापेक्षा शहाणं काही कोणी बोललेलं नाही. माणसं क्वारंटाइन पाळतात. कारण कळलं तर फारच नीट पाळतात. ज्याचं कारण कोणी सांगत नाही, ज्याची किंमत एकट्यानेच मोजायची आणि जो उद्या बदलणार, तो नियम ती टाळायला बघतात. २१ डिसेंबर २०२० ला ब्रिटनमधल्या नव्या विषाणूमुळे महाराष्ट्राने युरोप आणि मध्यपूर्वेतून येणाऱ्यांना चौदा दिवस संस्थात्मक क्वारंटाइन जाहीर केलं. कित्येकांची तिकिटं तेव्हा हातात होती. लोकांनी काय केलं? दुसऱ्या राज्यातल्या विमानतळावर उतरले आणि तिथून आले. आमच्या सोसायटीला तीन गेटं आहेत आणि वॉचमन एकाच गेटवर असतो, तसला प्रकार. जानेवारी २०२१ मध्ये तर पैसे घेऊन प्रवाशांना क्वारंटाइनमधून सोडल्याच्या आरोपावरून मुंबई विमानतळावर अटकाही झाल्या. पैसे देणाऱ्यांचं मी समर्थन करत नाही. पण सात दिवसांचं हॉटेलचं बिल एका बाजूला आणि सुटकेची किंमत दुसऱ्या बाजूला अशी तुलना करायची सोय कोणी करून दिली?

वर्षभराने ओमिक्रॉन आला तेव्हा तेच. ३० नोव्हेंबर २०२१ ला महाराष्ट्राने जोखमीच्या देशांतून येणाऱ्यांना सात दिवस संस्थात्मक क्वारंटाइन आणि दुसऱ्या, चौथ्या, सातव्या दिवशी चाचणी सांगितली. केंद्राचा नियम वेगळा होता: उतरल्यावर चाचणी, निगेटिव्ह आली तर सात दिवस घरी. दुसऱ्या दिवशी केंद्राचं पत्र, त्याच्या पुढच्या दिवशी महाराष्ट्राचा सुधारित आदेश. तीन दिवसांत तीन आवृत्त्या, आणि विमान हवेत.

आता दुसरी बाजू. कोणी म्हणेल, साथीत वेळ हाच जीव असतो, करारमदार करत बसलात तर रोग पसरेल. न्यूझीलंडकडे बघा, कडक राहिले म्हणून लस येईपर्यंत माणसं वाचली. खरं आहे, वाचली. मीही कडक नियमांच्याच बाजूचा आहे. पण तिथेसुद्धा जिथे व्यवहार एकतर्फी झाला तिथेच तो फसला. परतणाऱ्या नागरिकांना क्वारंटाइनची जागा सोडतीने द्यायची त्यांची पद्धत त्यांच्याच हायकोर्टाने एप्रिल २०२२ मध्ये नागरिकांच्या घरी परतण्याच्या हक्कावर असमर्थनीय मर्यादा घालणारी ठरवली. ऑस्ट्रेलियाने मे २०२१ मध्ये भारतातून येणाऱ्या स्वतःच्या नागरिकांना पाच वर्षांपर्यंत तुरुंगाची भीती घातली, त्यावर इतका गदारोळ झाला की १५ मे नंतर ती बंदी पुढे वाढवलीच नाही. आणि वेळेचं म्हणाल तर वेळ आज आहे. साथ नसताना लिहून ठेवायला काय हरकत आहे? विधी आयोगानेही फेब्रुवारी २०२४ मध्ये २८६व्या अहवालात १८९७ च्या कायद्याचा सगळा आढावा घेऊन तो अपुरा असल्याचं सांगितलंय.

माझ्या मते दुसऱ्या बाजूच्या हमीपत्रात चारच ओळी हव्यात. सक्तीने कोंडलं तर साध्या खोलीचा आणि जेवणाचा खर्च सरकारचा, ज्याला पंचतारांकित हवं त्याने वरचे पैसे भरावेत. प्रवासी विमानात चढला तेव्हाचा नियम त्याला लागू, आणि तातडीने तो बदलावाच लागला तर त्याचा सगळा भुर्दंड सरकारचा. घरी जा म्हणून सांगितलं तर घरापर्यंत गाडी. आणि मृत्यू, मरणासन्न आईबाप, बाळंतपण यांच्या अर्जाला काही तासांत उत्तर देणारा एक माणूस विमानतळावर, दिवसरात्र.

हे महाग आहे? असेल. पण ते महाग असण्यातच त्याचा उपयोग आहे. बिल सरकारच्या खिशातून जाणार असेल तर 'सात दिवस की चौदा' हा प्रश्न सरकार दहा वेळा विचारेल. गरज नसताना एक दिवस जास्त कोंडणार नाही, आणि गरज संपली की नियम लवकर काढून घेईल. दुसऱ्याच्या पैशाने लावलेला नियम काढायची घाई कोणालाच नसते.

असो. कपाट शेवटी अर्धंच आवरलं, त्यावरून घरात बोलणी खाल्ली. पिवळं कार्ड परत पासपोर्टात ठेवून दिलंय. २०१६ पासून ते दहा वर्षांऐवजी जन्मभर चालतं म्हणे. चांगला लिहिलेला नियम टिकतो तो असा.